बर्फाला घोंगडी की चटका?

एप्रिलच्या उन्हात कळवणच्या बाजारात गोळ्याच्या गाडीवर थांबलात, तर बर्फाच्या लादीकडे जरा नीट बघा. ती गोणपाटात गुंडाळलेली असते, कधी तिच्यावर लाकडाचा भुसा असतो. हे आपण लहानपणापासून बघतोय, म्हणून कधी विचारतच नाही. पण हिमालयातलं एक मोठं कोडं याच लादीवरून कळतं.

तुमच्यापैकी कुणी गोमुखचा ट्रेक केला असेल, तर तिथे पोचल्यावर थोडं हिरमुसलंही असेल. रीलमध्ये सगळं पांढरंशुभ्र, समोर मात्र दगडमातीचा ढीग! गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे आणि तिचा खालचा भाग असाच झाकलेला आहे. बाजूच्या कड्यांवरून दरडी कोसळतात आणि तो मलबा बर्फावर साचत जातो.

मग हा मलबा बर्फ वाचवतो की वितळवतो? दोन्ही! सगळा खेळ जाडीचा आहे.

ताजा बर्फ ऊन परतवून लावतो. त्यावर धुळीचा किंवा काजळीचा पातळ थर बसला की तो गडद होतो आणि ऊन शोषतो. भर उन्हात काळा टी-शर्ट घातल्यावर आपलं जे होतं, तेच बर्फाचं होतं. थर जाड झाला की मात्र वरचा दगड कितीही तापला तरी ती उष्णता खालपर्यंत सहज पोचत नाही. म्हणजे आपल्या लादीवरचा भुसाच! गुन्नार ओस्ट्रेम या संशोधकाने 1959 मध्ये स्वीडनमधल्या हिमनदीवरच्या मोजणीतून हे दाखवलं. साधारण काही सेंटिमीटरपलीकडे थर गेला की वितळणं उघड्या बर्फापेक्षा कमी होतं.

म्हणजे मलब्याखालचा बर्फ सेफ? इथेच गंमत आहे. उपग्रहांच्या मोजणीत हिमालयातल्या अनेक झाकलेल्या हिमनद्याही उघड्या हिमनद्यांइतक्याच वेगाने पातळ होताना दिसल्या. कारण घोंगडीला भोकं आहेत. मलब्यात मध्येमध्ये पाण्याची डबकी आणि बर्फाचे उघडे कडे असतात. तिथे बर्फ झपाट्याने जातो. शिवाय वरून येणाऱ्या बर्फाचा ओघही मंदावतोय.

आपली गिरणा पावसावर चालते, त्यामुळे हे सगळं लांबचं वाटेल. पण उत्तरेतल्या नद्यांना उन्हाळ्यात याच बर्फाचा आधार असतो. तिथल्या चुली, डिझेलच्या गाड्या आणि जाळलेलं पाचट यांची काजळी वाऱ्याबरोबर हिमालयात पोचते. तिचा थर पातळच असतो, म्हणजे नेमका चटका देणारा. दरडी आपल्या हातात नाहीत, धूर मात्र आहे.

पटत नसेल तर करून बघा. फ्रीजमधले तीन सारखे बर्फाचे खडे उन्हात ठेवा. एक उघडा, एकावर चिमूटभर काजळी, एक मूठभर भुशात गाडलेला. पैज लावा, सगळ्यात शेवटी कोण उरतो?