सोलापूर-गोवा विमान : अंतर किती, वेळ किती?

9 जून 2025 रोजी सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले, तेव्हापासून टॉवेल-चादरीचे व्यापारी विचारतात, यात आपला फायदा काय? हिशेबच मांडू. होटगी रोडचा विमानतळ आणि गोव्यातील मोपा यांत सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर अंतर आहे. एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी 500 च्या आसपास उडते, म्हणजे हवेतले काम पाऊण तासाच्या आत. तिकिटावर मात्र साधारण तास दिसतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. शिवाय तासभर आधी हजेरी; आणि मोपा पडते पेडणे तालुक्यात, मडगावचे गिऱ्हाईक गाठायला पुढे मोटारीने दीड तास. घरापासून दुकानापर्यंत चार तास धरा. रस्त्याने हेच 400 किलोमीटरच्या घरात जाते, अख्खी रात्र मोडते.

गाठी अर्थात ट्रकनेच जाणार. विमानाने न्यायचे ते नमुने. ऑक्टोबरच्या हंगामाआधी हॉटेलवाले टॉवेल भरतात, तेव्हा समोर बसून माल हातात देणाऱ्याला भाव मिळतो. फोनवर तो घासला जातो. आमच्या मते तिकीट त्याच फेरीचे काढावे. वसुलीच्या फेरीला रात्रीची बस बरी.