देवालाही न उचलता येणारा दगड

स्वतःलाही उचलता येणार नाही असा दगड देव घडवू शकेल का? 'हो' म्हणा, उचलण्यात कमी पडला. 'नाही' म्हणा, घडवण्यात कमी पडला.

कडोदऱ्यातल्या मराठी मित्रांनो, देवाच्या नावाने केलेल्या दाव्यांना प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्या शेजारच्या सुरतेतही आहे. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी तिथे मानवधर्म सभा काढली. मंत्राने चमत्कार करू म्हणणाऱ्यांना उघड आव्हान दिलं, पण एकेश्वरावरची श्रद्धा सोडली नाही. मला हे धाडस फार मोलाचं वाटतं.

दगडाच्या कोड्याला तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसच्या विचारातून उत्तर मिळतं: चौकोनी वर्तुळ काढता न येणं ही शक्तीतली उणीव नव्हे, कारण तशी वस्तूच संभवत नाही; तसाच हा दगड. तत्त्वज्ञ देकार्तच्या मते मात्र गणिताची सत्येही देवानेच ठरवलेली, म्हणजे तो ती वेगळीही ठरवू शकला असता. मला अ‍ॅक्वायनस पटतो.

आपल्याकडचा खरा पेच वेगळा आहे. देव समर्थ आहे, तर जगात इतकी विषमता का? ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य सांगतात, ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, उगवतं ते बीजाप्रमाणे. म्हणजे ईश्वर मनमानी करत नाही. मग पहिलं कर्म कुठून आलं? त्यावर ते म्हणतात, संसार अनादि आहे. इथे माझं समाधान होत नाही. नवजात बाळाच्या वेदनेचा हिशेब मागच्या जन्मावर ढकलणं मनाला पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?