काबूलचा बेदाणा आणि तासगावचा सौदा

‘बेदाणा’ हा शब्द मूळचा फारसी. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘दाना’ म्हणजे बी; ज्यात बी नाही तो बेदाणा. ‘किसमिस’ हा शब्दही त्याच बाजूने आलेला. वस्तू आणि तिचे नाव अशी दोन्ही एकाच वाटेने हिंदुकुश ओलांडून या देशात आली, आणि कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील घरांत सणावारी शिऱ्यात पडणारा बेदाणा काबूल-कंदाहारकडचाच मानला जाई. आज तो सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत तयार होतो. ‘सांगली बेदाणा’ म्हणून त्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. नाव फारसी राहिले, माल देशी झाला. परंतु आता काबूलचा माल पुन्हा सांगलीच्या पेठेसमोर उभा ठाकला आहे, आणि या खेपेस त्याच्या पाठीशी पठाणाची केवळ घासाघीस नाही, एका प्रादेशिक संघटनेचा करार आहे.

ही संघटना म्हणजे दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, अर्थात ‘सार्क’. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात राष्ट्रांनी ती स्थापन केली. त्यांत अफगाणिस्तान नव्हते. त्या वेळी तेथे सोविएत फौजा होत्या. २००७ सालच्या एप्रिलमध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या चौदाव्या शिखर परिषदेत अफगाणिस्तान आठवे सदस्य झाले. हा प्रवेश व्हावा म्हणून भारताने पुढाकार घेतला होता आणि त्यामागे हेतूही स्पष्ट होता. समुद्रकिनारा नसलेले, युद्धाने पोळलेले हे राष्ट्र केवळ पाकिस्तानच्या दारावर अवलंबून राहू नये, त्यास दक्षिणेची बाजारपेठ मिळावी आणि त्या बाजारपेठेबरोबर भारताचा स्नेहही मिळावा, असा तो हेतू. १९५० सालच्या मैत्रीकरारापासून चालत आलेल्या धोरणाशी तो सुसंगतच होता. डेलाराम-झरंज रस्ता, हेरातजवळचे सलमा धरण, काबूलमधील संसदभवन ही त्याच धोरणाची दगडविटांतील रूपे होत. बेदाणा हे त्याचे खाद्य रूप म्हणावयास हरकत नाही.

सवलतींची सुरुवात मात्र सार्कप्रवेशापूर्वीच झाली होती. मार्च २००३ मध्ये भारत आणि अफगाणिस्तान यांच्यात प्राधान्य-व्यापाराचा करार झाला आणि अडतीस अफगाण वस्तूंवरील आयातशुल्कात भारताने ५० ते १०० टक्के सूट दिली. या अडतीसांत सुक्या मेव्याचाच भरणा होता. देण्यासारखे दुसरे त्या देशापाशी फारसे नव्हते. २००६ पासून सार्क राष्ट्रांचा मुक्त व्यापार करार, म्हणजे ‘साफ्टा’, अमलात आला. २०११ साली अफगाणिस्तान त्यात प्रत्यक्ष सामील झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालदीवमधील शिखर परिषदेत भारताने अल्पविकसित सदस्यांसाठी आपली संवेदनशील वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. उरलेल्या पंचवीस वस्तू मुख्यतः मद्य आणि तंबाखू या जातीच्या. बेदाणा त्या यादीत नाही. अर्थात अफगाण बेदाण्यास भारताचे दार शून्य शुल्काने उघडले गेले.

याचा अर्थ नीट ध्यानी घेण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. इतर देशांच्या बेदाण्यावर भारताने शंभर टक्के आयातशुल्काची भिंत उभी केली होती. म्हणजे बंदरावर शंभर रुपयांना उतरणारा माल पेठेत येईपर्यंत किमान दोनशेचा व्हावयाचा. तोच माल ‘अफगाण’ ठरला की शंभरालाच आत येतो. मधले शंभर रुपये कोणाचे? अफगाण शेतकऱ्याचे नव्हेत, भारतीय ग्राहकाचेही सर्वस्वी नव्हेत. ते मुख्यत्वे जो आयातदार योग्य कागद दाखवू शकेल त्याचे. कागदाला एवढी किंमत आली की खोटे कागद तयार होऊ लागतात, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

द्राक्ष बागायतदारांच्या संघटनांची तक्रार नेमकी येथेच आहे. खऱ्या अफगाण मालाविषयी त्यांची कुरकुर आहे, पण तिला मर्यादा आहे. त्यांचा खरा आक्षेप आहे तो चीनसारख्या तिसऱ्या देशातील बेदाणा काबूल किंवा काठमांडूचे लेबल लावून आत येतो यावर. तक्रारीत तथ्य किती, हे सीमाशुल्क खात्यानेच तपासून सांगावयाचे आहे. परंतु असा प्रकार संभवनीय नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण तो इतर वस्तूंत घडलेला आहे. नेपाळात तेलताडाचे पीक घेतले जात नाही. तरीही एके काळी नेपाळमधून शुद्ध केलेले पामतेल मोठ्या प्रमाणावर करमुक्त येत होते, आणि जानेवारी २०२० मध्ये भारताला त्या तेलाच्या आयातीवर निर्बंध घालावे लागले. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे येते अशी ओरड कूर्ग आणि वायनाडच्या बागाईतदारांनी केली, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये मिरीला किलोमागे पाचशे रुपयांची किमान आयातकिंमत ठरवावी लागली. पामतेल आणि मिरी यांच्या पंक्तीस बेदाणा बसू शकणार नाही, असे कोणते कारण आहे?

बेदाण्याचा उत्पादक या सगळ्यात कोठे उभा असतो, ते मुंबई-दिल्लीच्या वाचकास सहसा ठाऊक नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी दोनदा कात्री लागलेली बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये घड देते. त्या मधल्या काळात अवकाळी पावसाचे, दवाचे आणि भुरीचे भय टळलेले नसते. बेदाण्यासाठी घड शेडवर आणतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या पंधरा दिवसांत एक सर आली तरी रंग जातो, आणि रंग गेला की भाव गेला. एवढे करून तयार झालेला माल सौद्यात जातो. तेथे पारखताना होणारी उधळण, तूट आणि अडत यांतून उरेल ते त्याचे. ज्याला पैशाची निकड नाही तो माल शीतगृहात ठेवतो, त्यावर तारणकर्ज काढतो आणि दिवाळीची वाट पाहतो.

आणि दिवाळीतच गोम आहे. अफगाणिस्तानातील द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, तेथला नवा बेदाणा शरदात बाजाराला लागतो. म्हणजे तासगावचा उत्पादक सहा महिने व्याज आणि शीतगृहाचे भाडे भरून ज्या मोसमाची वाट पाहत बसला, नेमक्या त्याच मोसमाच्या तोंडावर परदेशी माल येतो. आयात एकूण उत्पादनाच्या मानाने थोडी असली तरी ती केव्हा येते याला महत्त्व आहे. भरल्या पेठेत आलेले शेवटचे चार ट्रक सगळ्या पेठेचा भाव ठरवून जातात. सरकारी तक्ते वर्षाची बेरीज दाखवतात. महिना दाखवत नाहीत.

यावर उपाय म्हणून अफगाणिस्तानचे दारच बंद करावे, असे कोणी म्हणेल तर ते अविचाराचे होईल. काबूलच्या उत्तरेस शोमालीचे मैदान आहे. तेथील शेतकरी मातीच्या भिंतींना झरोके ठेवून बांधलेल्या किसमिसखान्यांत द्राक्षे टांगून वाळवतो. १९९० नंतरच्या यादवीत ते मैदान उद्ध्वस्त झाले, बागा जळाल्या, पाटपाणी मोडले. त्या शेतकऱ्याची स्थिती जतच्या कोरडवाहू पट्ट्यात टँकरने पाणी आणून वेल जगवणाऱ्या शेतकऱ्याहून बरी नाही, वाईटच आहे. अफूऐवजी द्राक्षे लावा असे जग त्यास सांगते. मग द्राक्षे विकत घेण्याची जबाबदारी कोणावर तरी येणारच. ती भारताने घेतली, यात वावगे काही नाही. वावगे आहे ते एवढेच की, राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणाचा खर्च राष्ट्राच्या तिजोरीतून न होता दोन-चार तालुक्यांच्या सौद्यातून वसूल होतो. धरण बांधले, त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसला. शुल्कमाफीचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात तासगावच्या नावे दिसत नाही.

सातारा-सांगलीच्या वाचकास लहान राज्य आणि मोठा संघ यांच्या नात्याची कल्पना समजावून सांगण्याचे कारण नाही. सांगली संस्थानाचा मुलूख एके काळी मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जावयाचे तर वाटेत परकी हद्द लागे. १९४७ साली सांगली, औंध, फलटण, भोर आदी संस्थानिकांनी मिळून दक्षिणी संस्थानांचा संघ उभा करण्याचा घाट घातला. तो जेमतेम बाळसे धरतो न धरतो तोच ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ज्या संघातील घटकांमागे एक कायदा, एक तिजोरी आणि एक न्यायालय नसते, तो संघ कागदावरचा असतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

सार्कची अवस्था आज त्याहून निराळी नाही. सनदेच्या दहाव्या कलमानुसार सर्व निर्णय एकमताने व्हावयाचे आणि द्विपक्षीय वाद चर्चेस आणावयाचे नाहीत. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. भारताप्रमाणे अफगाणिस्ताननेही तीवर बहिष्कार टाकला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर, पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क येथे होणारी परराष्ट्रमंत्र्यांची बैठक अफगाणिस्तानच्या खुर्चीवर कोणी बसावे या प्रश्नावर बारगळली. या साऱ्यातून एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. ज्या राजवटीस भारताने मान्यता दिली नव्हती आणि जिला सार्कच्या मेजावर जागा नव्हती, तिच्या अमलाखालून निघालेल्या मालाला सार्कची सवलत मात्र मिळत राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधील भारताच्या तांत्रिक कार्यालयास पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला गेला, तेव्हाही औपचारिक मान्यतेची घोषणा झाली नाही. मुत्सद्देगिरीला अशी संदिग्धता सोयीची असते. उत्पत्तीच्या दाखल्याला ती सोयीची नाही. दाखला खरा की खोटा हे विचारावयाचे तर समोर उत्तरदायी अधिकारी हवा.

वाट कोणती, यानेही फरक पडत नाही. जून २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मार्ग सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे नाके बंद झाले, तरी मे महिन्यात सुका मेवा घेऊन अडकलेले १६० अफगाण ट्रक खास परवानगीने आत घेण्यात आले. ती परवानगी योग्यच होती, कारण नाशवंत मालाने राजकारणाची शिक्षा भोगू नये. फक्त असाच तातडीचा विचार दुसऱ्या टोकाच्या शीतगृहांत पडून असलेल्या मालाविषयी कधी झाल्याचे दिसत नाही.

संघटनेपाशी यंत्रणा असली म्हणजे काय होते, याचा अनुभव सांगलीच्या द्राक्षबागांना आहे. युरोपीय संघाकडे जाणाऱ्या प्रत्येक खेपेची बाग नोंदलेली असते, तिच्या फळातील औषधांचे अंश तपासलेले असतात. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपच्या बंदरांत भारतीय द्राक्षे अडली आणि अनेकांचे कंबरडे मोडले. तेव्हा युरोपला दूषणे देणाऱ्यांनीच नंतर नोंदी ठेवावयास सुरुवात केली. तासगावचा शेतकरी आपले द्राक्ष कोणत्या बागेतून आले हे रॉटरडॅमला सिद्ध करतो. मग भारतात येणारा बेदाणा कोणत्या बागेतून आला हे मुंबईच्या बंदरावर कोणी सिद्ध करावयास नको काय?

साधने नाहीत असे नाही. साफ्टाच्या नियमांप्रमाणे शेतमाल सवलतीस पात्र ठरावयाचा तर तो त्या देशात सर्वस्वी पिकलेला असावा लागतो. सप्टेंबर २०२० पासून भारताच्या सीमाशुल्क खात्याचे नवे नियम अमलात आहेत. त्यांनुसार केवळ दाखला पुरत नाही, मालाच्या उत्पत्तीची माहिती आयातदाराने स्वतः बाळगली पाहिजे आणि मागितल्यास दिली पाहिजे. करारातील सोळावे कलम तर, आयातीने देशी उत्पादकाचे गंभीर नुकसान होत असेल तर सवलत तात्पुरती स्थगित करण्याची मुभाच देते. अल्पविकसित राष्ट्राचा त्या वस्तूच्या आयातीतील वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर हे कलम त्याच्याविरुद्ध चालत नाही, पण भारताच्या बेदाणा-आयातीत अफगाणिस्तानच अग्रभागी असल्याने ती अडचण येथे नाही. अडचण आहे ती पुराव्याची. नुकसान झाले हे चौकशीत सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी सौद्यातील भाव, शीतगृहांतील साठा आणि आयातीचे आकडे महिनावार हवेत. बाजार समित्यांच्या दप्तरांत यांपैकी पुष्कळसे आहे. ते एकत्र करून दिल्लीस मांडण्याचे काम कोणी करावयाचे, यावर संघटना आणि लोकप्रतिनिधी एकमेकांकडे बोट दाखवतात.

साताऱ्याच्या आल्याची गोष्ट अजून या थराला गेलेली नाही. कोरेगाव आणि कऱ्हाडकडचे आले उत्तरेच्या पेठांत जाते, तेथे त्याची गाठ नेपाळच्या आल्याशी पडते, आणि भाव पडला की तेथील व्यापारी नेपाळचे नाव घेतो. ते खरे असते की निमित्त असते हे कोरेगावच्या शेतकऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. सांगलीत निदान बेदाण्याचे सौदे डोळ्यांसमोर होतात आणि कोणत्या दिवशी कोणता भाव निघाला याची नोंद वहीत असते. चौकशीचा अर्ज करावयाचा झाल्यास सुरुवात या वहीपासून करता येईल.