चेंडू सुटू द्या, मग धावा!

सकाळी बदलापूर स्टेशनवर लोकल लागते तेव्हा काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. गाडी थांबायच्या आधीच अर्धी पब्लिक आत! का, तर खिडकी. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोच्या वेळी अगदी हेच होतं. फक्त खिडकीऐवजी रीबाउंड असतो, आणि घाई करणाऱ्यावर शिट्टी वाजते. निदान वाजायला हवी.

(माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी लिहिताना माझंही पाऊल लाइनवर पडतं, सांभाळून घ्या.)

आधी नियम बघू. शूटरला चेंडू हातात मिळाल्यापासून ५ सेकंद असतात. लेनच्या दोन्ही कडांना मिळून जास्तीत जास्त पाच जण उभे राहतात, तीन डिफेन्सचे आणि दोन शूटरच्या टीमचे. बास्केटच्या सर्वात जवळच्या दोन्ही जागा डिफेन्सच्या. बाकीच्यांनी फ्री थ्रो लाइनच्या आणि थ्री-पॉइंट लाइनच्याही मागे थांबायचं. लेनवरच्यांनी चेंडू शूटरच्या हातातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. शूटरला मात्र चेंडू रिंगला लागेपर्यंत किंवा आत जाईपर्यंत लाइनला पाय लावता येत नाही. खोटा थ्रोही करता येत नाही.

आता कोणी चुकलं तर? शूटर चुकला, तर बास्केट झालं तरी पॉइंट रद्द. दुसरं कोणी चुकलं आणि चेंडू आत गेला, तर पॉइंट धरायचा आणि चूक सोडून द्यायची. चेंडू आत गेला नाही, तर चूक कोणाची ते महत्त्वाचं. डिफेन्सची असेल, तर शूटरला फ्री थ्रो परत मिळतो. शूटरच्या साथीदाराची असेल आणि तो शेवटचा फ्री थ्रो असेल, तर समोरच्या टीमला थ्रो-इन. दोन्हीकडचे आत घुसले, तर जंप बॉल सिच्युएशन, म्हणजे पझेशन अॅरो ज्यांच्या बाजूने त्यांना चेंडू.

आमच्या कोर्टावर आणखी एक गंमत आहे. २०१० मध्ये फिबाने लेनचा आकार बदलून ४.९ मीटर रुंदीचा आयत केला. आमच्याकडे अजून जुना समलंब चौकोनच रंगवलेला आहे. त्यामुळे कोणी कुठे उभं राहायचं, हे मॅचच्या आधीच दोन्ही कॅप्टनना दाखवून द्यावं लागतं.

एवढं सगळं पाठ असूनही मी चुकले. मागच्या हिवाळ्यात आमच्या हॉस्टेलची उल्हासनगरच्या मुलांशी फ्रेंडली मॅच होती आणि मी रेफरी होते. शेवटचे ९ सेकंद. आम्ही ४१, ते ४०. त्यांच्या शूटरचा दुसरा फ्री थ्रो रिंगवरून बाहेर आला, आमच्या मुलाने रीबाउंड घेतला, वेळ संपली. हॉस्टेलवाले नाचायला लागले. तो शूटर माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, चेंडू माझ्या हातात होता तेव्हाच त्याचा पाय आत होता. तुम्ही बघितलं ना?"

नव्हतं बघितलं. ती बाजू माझीच होती, पण मी सगळ्यांसारखी चेंडूकडे बघत होते! रात्री मेसमध्ये आमच्या त्या मुलानेच हसत सांगितलं, "हो, थोडा लवकर निघालो होतो." त्या शूटरला फ्री थ्रो परत मिळायला हवा होता. तो त्याचा हक्क होता आणि तो माझ्यामुळे गेला. मेसमधला गुलाबजाम मला गोड लागला नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट करते. फ्री थ्रोला दोन रेफरी काम वाटून घेतात. शूटरचे हात-पाय पार्टनरकडे असतील, तर मी माझ्या रांगेचे बूट बघते. चेंडू सुटल्याचं डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. बास्केट झालं की नाही, ते पब्लिक ओरडून सांगतेच.

तेव्हा हॉस्टेलवाल्यांनो, पुढच्या मॅचला तुमच्यावर शिट्टी वाजली तर "आपली असून?" म्हणून चिडू नका. आपली आहे म्हणूनच!