अल्टिमेट फ्रिस्बीच्या प्रशिक्षणात बुद्धिबळातील तत्त्वांचे उपयोजन

अल्टिमेट फ्रिस्बी या खेळाचा उगम १९६८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवूड येथील कोलंबिया हायस्कूलमध्ये झाला. प्रत्येकी ७ खेळाडूंच्या या खेळात तबकडी हाती असलेल्यास धावता येत नाही; १० सेकंदांच्या आत ती फेकावी लागते. साहजिकच उर्वरित ६ सहकारी कोठे उभे आहेत, यावर आक्रमणाचे यश अवलंबून असते.

बुद्धिबळात उंटाच्या मार्गात स्वपक्षाचेच प्यादे असल्यास उंट निष्प्रभ ठरतो. नवोदित खेळाडू एकाच वेळी तबकडीकडे धावतात, तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून अनेक संघ मध्यभागी उभी रांग करून दोन्ही बाजूंच्या मार्गिका मोकळ्या ठेवतात. बचाव करणाराही फेकणाऱ्याची एक बाजू अडवून त्याचे पर्याय घटवितो. निम्झोविच यांनी पुरस्कारिलेले प्रतिबंधाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

तथापि या साम्यास मर्यादा आहेत. पटावर चाली आळीपाळीने होतात. मैदानावर सारे एकाच वेळी हालतात आणि वाराही तबकडीची दिशा बदलतो. त्यामुळे पाठ केलेल्या चाली अपुऱ्या पडतात. प्रशिक्षकाने सराव मध्येच थांबवून खेळाडूंना जागीच उभे करावे व 'प्रतिस्पर्धी आता काय रोखू पाहत आहे?' असे विचारावे. या खेळात सामान्यतः पंच नसतो. नियमभंगाचा निर्णयही खेळाडूच करतात. अशा खेळात केवळ आज्ञापालन शिकविणारे प्रशिक्षण अपुरेच ठरते.