साथ आणि सीमा – लेखांक ७ : न्यूझीलंडचे दार आणि चार हजार खोल्या

न्यूझीलंडने १९ मार्च २०२०च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी आपली सीमा परदेशी प्रवाशांसाठी बंद केली. तेव्हा देशात कोविडचे तीससुद्धा रुग्ण नव्हते आणि एकही मृत्यू झालेला नव्हता. रुग्णसंख्या हाताबाहेर गेल्यावर सीमा बंद करणारे देश पुष्कळ होते. इतक्या लवकर आणि इतक्या कडेकोट पद्धतीने ती बंद करणारे थोडे, आणि ती जवळजवळ दोन वर्षे तशीच ठेवणारे त्याहून थोडे. त्यामुळे साथीच्या काळातले प्रवेशनियम काय साधतात आणि त्यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहायला न्यूझीलंडइतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

सीमा एका फटक्यात बंद झाली नव्हती. फेब्रुवारी २०२०च्या सुरुवातीला चीनमधून येणाऱ्या परदेशी नागरिकांना मनाई झाली. १४ मार्चला पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केले की, पॅसिफिकमधली काही बेटे वगळता कुठूनही येणाऱ्या प्रत्येकाने १४ दिवस स्वतःहून वेगळे राहायचे. पर्यटकांच्या क्रूझ बोटींना बंदरात येण्यास बंदी झाली. पुढच्या पाच दिवसांत हा नियमही अपुरा वाटू लागला, कारण घरी वेगळे राहणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची यंत्रणाच नव्हती. म्हणून १९ मार्चचा निर्णय झाला: फक्त नागरिक, कायम रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय आत येतील. ९ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून त्यांनाही घरी जाण्याची मुभा उरली नाही. विमानतळावरून थेट सरकारने ठरवलेल्या हॉटेलात जायचे आणि १४ दिवस तिथेच काढायचे. या व्यवस्थेचे नाव मॅनेज्ड आयसोलेशन अँड क्वारंटाइन. सगळे तिला एमआयक्यू म्हणत.

भूगोल या धोरणाच्या बाजूने होता. जमिनीवरची सीमा नाही, आणि सर्वांत जवळचा मोठा शेजारी समुद्रापलीकडे सुमारे दोन हजार किलोमीटरवर. येणारा माणूस मोजक्या विमानतळांवरूनच येणार, आणि तिथे त्याला थांबवता येणार. भारतासारख्या देशाला ही सोय नाही, हे तुलना करताना विसरू नये.

प्रवाशाला दोन वेगळ्या कायद्यांची परवानगी लागे. पहिली व्हिसाची. परदेशी माणसाला सीमाबंदीतून सूट हवी असेल तर तो अत्यावश्यक आरोग्य कर्मचारी आहे, दुसऱ्या कुणाकडे नसलेले कौशल्य त्याच्याकडे आहे, किंवा तो न्यूझीलंडच्या नागरिकाचा जोडीदार अथवा मूल आहे, असे सिद्ध करावे लागे. १० ऑगस्ट २०२०पासून देशाबाहेरून केलेले तात्पुरत्या व्हिसांचे बहुतेक अर्ज घेणेच थांबवले गेले. दुसरी परवानगी आरोग्यखात्याच्या आदेशांखाली. मे २०२०मध्ये संसदेने कोविडसाठी खास कायदा केला आणि विलगीकरण, चाचण्या, मास्क यांचे आदेश त्याच्या आधारावर निघू लागले. पहिली परवानगी नागरिकाला लागत नसे. दुसरी मात्र त्यालाही चुकत नसे.

प्रत्यक्ष मुक्कामाचे स्वरूप असे होते. ऑकलंडला उतरलेल्या प्रवाशाला आपला मुक्काम ऑकलंडलाच आहे की बसने हॅमिल्टन किंवा रोटोरुआला जायचे आहे, हे बहुधा आल्यावरच कळे. हॉटेलच्या दारात लष्करी गणवेशातले लोक असत. जेवणाची पिशवी दाराबाहेर ठेवून कर्मचारी दार वाजवून निघून जाई. आतल्याने मास्क लावून मगच दार उघडायचे. फिरायला मिळे ते कुंपण घातलेल्या जागेत, ठरलेल्या वेळी, इतरांपासून अंतर ठेवून. तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी नाकातला स्वॅब घेतला जाई. सुटकेसाठी केवळ चौदा तारखा मोजून चालत नसे, आगमनापासून पूर्ण ३३६ तास भरावे लागत.

हे बारकावे अनुभवातून आले. जून २०२०मध्ये ब्रिटनहून आलेल्या दोन स्त्रियांना मरणासन्न पालकाला भेटण्यासाठी मुदतीआधी, चाचणी न करताच सोडण्यात आले. त्या मोटारीने ऑकलंडहून वेलिंग्टनला गेल्या आणि नंतर दोघी बाधित निघाल्या. देश कोरोनामुक्त झाल्याची घोषणा होऊन जेमतेम आठवडा झाला होता. व्यवस्थेची देखरेख सरकारने तातडीने लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवली आणि चाचणीशिवाय कुणालाही सोडायचे नाही, असे ठरले. जानेवारी २०२१मध्ये दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आलेली एक प्रवासी घरी गेल्यावर बाधित आढळली. तिला संसर्ग हॉटेलातच दुसऱ्या पाहुण्याकडून झाला होता. त्यानंतर बाराव्या दिवसाची चाचणी झाली की निघेपर्यंत खोलीतच राहण्याचा नियम आला.

आता मूळ अडचण. अशी ३२ हॉटेले पाच शहरांत मिळून होती आणि खोल्या ढोबळमानाने चार हजार. हॉटेले आणखी घेता आली असती, पण प्रत्येक हॉटेलाला परिचारिका, सुरक्षारक्षक, लष्कराचे जवान आणि जवळ मोठे रुग्णालय लागत होते. प्रवासी १४ दिवस खोली अडवणार म्हटल्यावर पंधरवड्यात किती माणसे देशात येऊ शकतात, हा आकडा ठरलेलाच होता. ३ नोव्हेंबर २०२०पासून आरक्षित खोलीचे व्हाउचर दाखवल्याशिवाय विमानात चढता येईना. पासपोर्ट न्यूझीलंडचा असला तरी सीमा त्या दिवसापासून खोलीच्या दाराशी येऊन ठेपली.

त्याआधीच, ११ ऑगस्ट २०२०पासून, मुक्कामाचे शुल्कही सुरू झाले होते: पहिल्या प्रौढ व्यक्तीला ३,१०० न्यूझीलंड डॉलर, त्याच खोलीतल्या दुसऱ्याला ९५०, मुलाला ४७५. कायमचे परतणाऱ्या नागरिकांना त्यातून बरीच सूट होती.

या व्यवस्थेचा सर्वांत कठोर प्रसंग भारताशी जोडलेला आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी सीमेवर २३ नवे रुग्ण सापडले. त्यांतले १७ भारतातून आलेले होते. त्याच दिवशी आर्डर्न यांनी जाहीर केले की, ११ एप्रिलच्या दुपारी ४ वाजल्यापासून २८ एप्रिलपर्यंत भारतातून कुणीही येणार नाही, अगदी न्यूझीलंडचे नागरिकसुद्धा नाहीत. साथ सुरू झाल्यापासून स्वतःच्या नागरिकांना दार बंद करण्याची ही पहिलीच वेळ. मुदत संपल्यावर भारत, ब्राझील, पाकिस्तान आणि पापुआ न्यू गिनी यांना ‘अतिधोक्याचे देश’ ठरवून तिथून फक्त नागरिक आणि त्यांचे अगदी जवळचे कुटुंबीय येऊ दिले. आजारी आई-वडिलांना भेटायला पुण्याला किंवा अमृतसरला आलेल्या, न्यूझीलंडमध्ये घर, नोकरी आणि रेसिडेंट व्हिसा असलेल्या माणसाला आधी तिसऱ्या देशात १४ दिवस काढावे लागत. त्या महिन्यांत भारतीय प्रवाशाला घेणारा तिसरा देश शोधणे हेच मोठे काम होते.

जोडीदारांची कोंडी त्याहून जुनी होती. २०२०च्या उत्तरार्धात व्हिसाशिवाय येऊ शकणाऱ्या देशांतल्या जोडीदारांसाठी वाट काढली गेली. भारतीय पती किंवा पत्नीला मात्र आधी नात्यावर आधारलेला व्हिसा हवा होता, आणि बाहेरून येणाऱ्या त्या अर्जांचे काम थांबलेले होते. नियमात भारताचे नाव नव्हते, तरी त्याचा भार कुणावर पडणार हे आधीच दिसत होते. आरोग्याच्या कारणाने केलेला नियम जुन्या व्हिसा-पद्धतीतली असमानता अशी जशीच्या तशी उचलतो, आणि त्याचे समर्थन विषाणूकडे बोट दाखवून करता येत नाही.

ऑस्ट्रेलियाबरोबर १९ एप्रिल २०२१ रोजी विलगीकरणाशिवाय ये-जा सुरू झाली. कोविडचा डेल्टा प्रकार पसरताच २३ जुलैला ती थांबली. ऑस्ट्रेलियातून परतू पाहणारेही मग खोल्यांच्या रांगेत आले. तोवर खोल्या पूर्वसूचनेशिवाय संकेतस्थळावर येत आणि मिनिटांत संपत. लोक रात्र-रात्र पान रिफ्रेश करत बसत, काही जण त्यासाठी दुसऱ्याला पैसे देत. त्यावर उपाय म्हणून २० सप्टेंबर २०२१ रोजी ‘व्हर्च्युअल लॉबी’ उघडली. ठरल्या वेळेआधी लॉबीत शिरायचे आणि मग संगणक प्रत्येकाला यदृच्छेने क्रमांक देणार. पहिल्या दिवशी ३,२०५ खोल्या होत्या आणि रांगेत ३१ हजारांहून अधिक लोक. ज्याच्या पडद्यावर वीस हजाराच्या पुढचा क्रमांक उमटला, त्याला पुढच्या सोडतीची वाट पाहण्यावाचून पर्याय नव्हता. बाळंतपणाला घरी येणारी स्त्री आणि सुटीवर निघालेला माणूस यांत ही पद्धत फरक करत नव्हती. तातडीच्या गरजेसाठी वेगळी वाट होती, पण तिच्या अटी अतिशय कडक होत्या.

परतू न शकलेल्या नागरिकांच्या ‘ग्राउंडेड किवीज’ या गटाने न्यायालयात धाव घेतली. न्यूझीलंडच्या १९९०च्या हक्कांच्या कायद्यातील कलम १८ प्रत्येक नागरिकाला मायदेशी येण्याचा हक्क देते. २७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जिलियन मॅलन यांनी निकाल दिला. सक्तीचे विलगीकरण समर्थनीय होते, हे त्यांनी मान्य केले. मात्र १ सप्टेंबर ते १७ डिसेंबर २०२१ या काळात व्यक्तीची गरज आणि तिला किती काळ वाट पाहावी लागली हे लक्षात न घेता सोडतीने खोल्या वाटल्यामुळे काही नागरिकांच्या या हक्कावर असमर्थनीय मर्यादा आली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे. ऑगस्ट २०२१च्या मध्यापर्यंत पन्नास लाखांच्या या देशात कोविडने फक्त २६ मृत्यू झाले होते आणि त्याचे मोठे श्रेय याच हॉटेलांना जाते. गरजेप्रमाणे क्रम लावला असता तर या यशातले काही गमवावे लागले नसते, कारण आत येणाऱ्यांची एकूण संख्या तेवढीच राहिली असती.

निकाल आला तेव्हा दार उघडू लागले होते. १४ नोव्हेंबर २०२१पासून हॉटेलातला मुक्काम सात दिवसांवर आला. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या लसवंत नागरिकांना आणि मार्चच्या सुरुवातीला उरलेल्या जगातून येणाऱ्यांना हॉटेलाची सक्ती राहिली नाही. मग एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियन पर्यटक आणि मेच्या आरंभी व्हिसामुक्त देशांचे प्रवासी येऊ लागले. भारतासह सर्वांसाठी व्हिसाचे दार ३१ जुलै २०२२च्या मध्यरात्री पूर्ण उघडले, आणि १२ सप्टेंबरला लसीची अटही गेली. तोवर सुमारे २ लाख ३० हजार माणसे या हॉटेलांतून गेली होती.

पुढील लेखांकात ऑस्ट्रेलिया : आपल्याच नागरिकांना देशाबाहेर जाण्यास केलेली मनाई, २५ मार्च २०२० ते १ नोव्हेंबर २०२१.