युरोपची भुकटी आणि गावचा काटा

पहाटे पावणेपाच

शटर उचललं की आधी काटा शून्यावर आणायचा. मग दूध तपासायच्या मशीनमधून कोमट पाणी दोनदा काढायचं. नळीत कालच्या दुधाचा अंश राहिला तर पहिल्या चार-पाच जणींचं फॅट चुकतं, आणि एवढ्या पहाटे येणाऱ्या बायकांना पुढे भांगलणीला जायचं असतं. त्यांच्या दोन लिटरांत चूक झाली तर ती मीठ-मिरचीच्या पैशांत होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा मी सचिव आहे. परदेशी मदतीचं काय होतं, खासगी धंद्यानं गावाचं भलं होतं की नाही, यावर शहरात चर्चासत्रं भरतात. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर काट्यापाशी उभं राहिल्यावर जास्त नीट दिसतं.

सव्वापाच ते सात

किटल्या, कॅन, स्टीलचे डबे. दूध ढवळायचं, वास घ्यायचा, नमुना लावायचा. फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे बाहेरच्या पाटीवर लाल अक्षरांत उमटतात, सगळ्या रांगेला दिसतात.

"अण्णा, किती पडलं?"

"सहा आठ, मावशी. एसएनएफ नऊ."

"काल सात हुतं की."

"पेंड कमी घातली काय?"

"संपलीया. नुसतं उसाचं वाडं टाकलं. एक पोतं द्या, बिलातनं कापा."

पावती निघाली, पोतं वहीत लिहिलं. मावशींना शाळा माहीत नाही, पण पाटीवरचे आकडे त्या बरोबर वाचतात. दर दहा दिवसांनी बिल त्यांच्या नावावर जमा होतं, घरधन्याच्या नाही. त्यासाठी मी आणि आमच्या कमिटीतल्या दोघी बायका बरंच भांडलो आहोत.

साडेसात

दूध कूलरमध्ये चार अंशांवर आलं. टँकर वेळेत आला, नमुना सील केला, चलनावर सही झाली.

सकाळी अकरा

हिशेबाची वेळ. दुधाच्या या सगळ्या साखळीचा पाया कशावर घातला गेला, हे नव्या संचालकांना मी याच वेळी सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

१९६०च्या दशकाच्या शेवटी युरोपात दुधाची भुकटी आणि लोण्याचे ढीग साठले होते. ते आपल्याकडे फुकट किंवा मातीमोल भावानं आले असते तर शहरातल्या डेअऱ्यांनी तेच विरघळवून विकलं असतं आणि खेड्यातल्या दुधाला कुणी विचारलं नसतं. अमूल घडवणाऱ्या वर्गीस कुरियन यांना हा धोका नेमका दिसला. भुकटी घेऊ, पण बाजारभावानं विकू आणि आलेला पैसा दुग्धविकासातच घालू, अशी त्यांची मांडणी होती. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल ठरलं आणि १९७० साली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. त्याचं दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासच्या डेअऱ्यांतून विकलं. त्या पैशातून शीतकरण केंद्रं, पशुखाद्याचे कारखाने, टँकर, कृत्रिम रेतनाची सोय उभी राहिली. शहरात गिऱ्हाईक तयार झालं आणि भुकटीची जागा हळूहळू गावच्या दुधानं घेतली. १९७०च्या सुमारास देशात वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास दूध व्हायचं. आज ते तेवीस कोटी टनांच्या पुढे गेलं आहे. हे सगळं एका योजनेचं श्रेय नाही. पण मदत एका दिवशी संपणार आहे हे धरून आखलेली ती योजना होती आणि योजनाही खरंच संपली, १९९६ साली. मला तिची हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

या योजनेवर टीकाही झाली आणि ती ऐकण्यासारखी होती. गोव्यातले क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ साली इलस्ट्रेटेड वीकलीत तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. शेतमजुराच्या दारात दुभतं जनावर किती पोहोचलं, हा प्रश्न तर आमच्या गावातही आहे. ज्याला वैरण विकत घ्यावी लागते त्याला म्हैस परवडत नाही.

तीच भुकटी दुसरीकडे काय करते ते पश्चिम आफ्रिकेत पाहावं. दुधाची मलई काढून पामतेल मिसळलेली युरोपची भुकटी तिथे इतकी स्वस्त पडते की फुलानी गुराख्यांच्या दुधाला शहरात जागा मिळत नाही. सेनेगलमध्ये बागोरे बाथिली नावाच्या पशुवैद्यानं २००६ साली रिशार-टोल इथे खासगी डेअरी काढली. ती गुराख्यांकडून दूध घेते आणि 'डोलिमा' नावानं दही विकते. जे आपल्याकडे सहकारानं केलं ते तिथे एका कंपनीनं करून पाहिलं. म्हणून खासगी म्हटलं की नाक मुरडायची सवय मी सोडली आहे.

दुपारी अडीच

खासगी डेअरीचा गावातला एजंट आला. भावकीतलाच पोरगा, कामाला चोख.

"काका, पाच म्हशींसाठी आगाऊ रक्कम दिली कंपनीनं. तुमच्या संस्थेला जमतं का एवढं?"

"एवढ्या झटपट नाही जमत. ते खरं आहे."

"आणि लिटरमागं रुपया जास्त देतोय."

"आत्ता कृशकाळ आहे, दूध कमी आहे, तू देशील. दिवाळीनंतर दूध वाढलं, भुकटीचा भाव पडला की मग?"

तो गप्प बसला. गेल्या पुष्टकाळात त्याच्याच वरच्या लोकांनी रातोरात दर उतरवले, तेव्हा त्याला गावात तोंड दाखवणं जड गेलं होतं. दोष त्याचा नव्हता. १९९१नंतर दुग्धव्यवसाय खुला झाला, खासगी डेअऱ्या आल्या आणि आमच्यासारख्या संस्थांची सुस्तीही त्यांनीच घालवली. रखडणारी बिलं वेळेवर व्हायला लागली ती त्यांच्या धाकानं. ते नसते तर आम्ही बदललो नसतो आणि आम्ही नसतो तर त्यांचा दर कुठे थांबला असता सांगता येत नाही.

जाताना त्यानं पिशवीतून बाटली काढली. "काका, एक काम होतं. माणसं म्हणतात माझं मशीन फॅट कमी दाखवतं. हा नमुना तुमच्याकडं लावून बघता?"

लावला. त्याच्या मशीनवर सहा चार होतं, आमच्यावर सहा सात. आमचंच चुकत नाही ना म्हणून नमुना ढवळून पुन्हा लावला, तरी सहा सात. तीन पॉइंटचा फरक दहा दिवसांच्या बिलात गेला तर दोन म्हशीवाल्या घरात पेंडीच्या पैशांना कात्री लागते. त्यानं माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला आणि मशीन जुळवायला माणूस पाठवा म्हणून ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी पाच ते साडेसात

पुन्हा रांग. मावशींचं सहा नऊ.

रात्री साडेआठ

कमिटीची बैठक. मी विषय मांडला: गावातलं दूध कुठेही जात असो, कुणालाही नमुना आपल्या मशीनवर फुकट तपासून मिळावा. एक संचालक उसळले, "त्यांच्या गिऱ्हाइकांची कामं आपण का करायची?" कमिटीतल्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या जावेचं दूध तिकडं जातंय. तिचं फॅट कापलं गेलेलं तुम्हाला चालंल, मला नाही." तासभर घासाघीस झाली. शेवटी दुपारी दोन ते तीन ही वेळ ठरली. म्हशीसाठी आगाऊ रकमेचा अर्ज पंधरा दिवसांत निकाली काढायचा, हेही त्याच ठरावात घातलं. सूचक आणि अनुमोदक दोघांनी सह्या केल्या. तपासणीची वेळ उद्या सकाळी फळ्यावर लिहायची आहे आणि एजंटालाही तसा निरोप द्यायचा आहे.